कायमचं म्हणायचं नाही

आमच्या घरात 'कायमचं' हा शब्द तोंडातून काढायची सोय नव्हती, आणि बंदी घालणारी होती आमची भाडेकरू. घर आमचं, पडवी आमची, विहीर आमची, पण शब्दांवर हुकूम तिचा. माझे यजमान एकदा जेवताना सहज बोलून गेले की पायरीचा दगड काय, कायमचाच हलतोय. लगेच मागच्या दारातून आवाज आला, "कायमचा, की बसवेपर्यंत?" यजमानांनी घास ताटात ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू ही बाई मी माहेरहून आणली होती. दुसऱ्या दिवशी दगड बसला.

त्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. आम्ही त्यांना बाई म्हणायचो, त्या मला मालकीणबाई. त्यात थोडी थट्टा होती, पण ती मला आवडायची, कारण एरवी मला मालकीण म्हणणारं जगात कोणी नव्हतं.

आमचं गाव रेवसच्या धक्क्यापासून चालत येण्याइतकं. खारीतलं गाव. समुद्राला बांध घालून आमच्या वाडवडलांनी जमीन काढली आणि त्यात भात लावला. बाई खाडीपलीकडच्या एका मोठ्या मुसलमान घरातल्या. आजोबांची गलबतं होती, भाऊ आखातात. खोली बघायला आल्या तेव्हा डोक्यावर ओढणी, पायात पुरुषांचे कॅनव्हासचे बूट, आणि हातात छत्री. त्या छत्रीचा उन्हापावसाशी काही संबंध नव्हता. ती शिकवताना फळ्यावर दाखवायला आणि रस्त्यात कुत्र्यांशी बोलायला असायची.

नाव सांगितलं तशा सासूबाई उठून आत गेल्या. आळीतले दोघे जण संध्याकाळी येऊन यजमानांच्या कानाला लागले. बाई अजून अंगणातच होत्या. मला म्हणाल्या, "मालकीणबाई, कोणाला अडचण असेल तर समोर येऊन सांगायला सांगा. मागून सांगितलेलं मला ऐकू येतं, पण लक्षात राहत नाही." समोर कोण येतंय. बाई राहिल्या त्या राहिल्याच. सासूबाईंना पुढे त्यांच्या हातच्या सांदणांशिवाय ईद गेली की चुकल्यासारखं व्हायचं. पण ते कबूल करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. नुसतं म्हणायच्या, "औंदा तिकडं काय केलं न्हाय वाटतं."

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मी चौथी पास. पुढचं शिक्षण पुडीच्या कागदांवर झालं. वाण्याकडून डाळ आली की आधी पुडीचा कागद वाचायचा, मग डाळ डब्यात. अर्ध्या बातम्या, अर्ध्या गोष्टी. शेवट कशाचाच कधी कळला नाही. पण आमच्या मास्तरांनी पावकी, निमकी, पाऊणकी छडीच्या जोरावर अशी घटवून घेतली होती की आजही झोपेतून उठवलंत तर म्हणून दाखवीन. बाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. म्हणाल्या, "पाऊणकी येते? माझ्या बारावीच्या पोरांना पाऊण म्हणजे किती ते विचारलं तर घड्याळाकडे बघतात."

मग संध्याकाळी भात शिजायला ठेवला की मी त्यांच्या पडवीत जाऊन बसायला लागले. त्यांच्याकडे एक पुस्तक असायचं, लॉगटेबलचं. नुसते आकडे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एक गोष्ट नाही, चित्र नाही. तेलकट, कडा गोल झालेलं. दुसरं लॉगटेबल त्यांनी कधी घेतलं नाही. परीक्षेत कॅलक्युलेटर चालत नाही पण लॉगटेबल चालतं, याचा त्यांना एवढा अभिमान की जणू परीक्षामंडळाने त्यांना विचारून नियम केलाय.

मी विचारलं, हे असतं कशाला? त्या म्हणाल्या, दोनाचा पाचवा घात काढायचा तर दोनला पाच वेळा गुणायचं, ते कोणीही करील. पण कितवा घात तेच माहीत नसेल तर? मग ते अक्षर आकड्याच्या डोक्यावर, वर कोपऱ्यात बारीक होऊन बसतं. हात पोचत नाही. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की ते खाली उतरतं आणि शेजारी गुणाकारात उभं राहतं. मग धरायचं आणि किंमत काढायची.

मी म्हटलं, म्हणजे आकडी. शेवग्याची शेंग वर असते, हात पोचत नाही, बांबूला आकडी लावून ओढायची.

बाई दुसऱ्या दिवसापासून हायस्कुलात लॉगला आकडी म्हणायला लागल्या. तिथले दुसरे सर त्यावरून चिडवायचे, तर म्हणायच्या, "माझ्या मालकीणबाईंचा शब्द आहे, तुमच्याकडे याहून चांगला असेल तर द्या."

मी विरजण लावताना दिसले की म्हणायच्या, बघा, एकाचे दोन, दोनाचे चार असं वाढणारं घातांकाचं समीकरण तुम्ही रोज झाकून ठेवता आणि सकाळी त्याचं दही करून खाता.

धक्क्यावर हवा खराब असली की 'लाँच बंद' अशी पाटी लागायची. बाई तिथल्या बाबूशी भांडल्या. बंद म्हणजे कधीपर्यंत? तो म्हणाला, बंद म्हणजे बंद. यांनी त्याच्या हातातला खडू घेतला आणि पाटीवर खाली लिहिलं, 'वारा पडेपर्यंत'. तो पुसायचा, या पुन्हा लिहायच्या. शेवटी तो कंटाळला, आणि आपणच तसं लिहायला लागला. लोक म्हणायचे, बाईला मुंबईला कुठं जायचं असतं? जायचं कुठेच नसायचं. नुसत्या पाटी बघायला जायच्या.

तोंड मात्र खारट. पोरं घाबरायची, पोरांचे बाप त्याहून जास्त. मी एकदा म्हटलं, बाई, जरा गोड बोलावं, काय जातं? तर म्हणाल्या, "मी बार आहे, मालकीणबाई." आणि मला पुस्तक उघडून दाखवलं. एकाहून लहान आकड्याचा लॉग काढला की पुढच्या आकड्याच्या डोक्यावर आडवी रेघ येते, तिला बार म्हणतात. त्याचा अर्थ असा की पुढचा तेवढा एक आकडा उणे. बिंदूच्या मागचे सगळे अधिक. "लोक पुढची रेघ बघतात आणि सगळंच उणे धरतात. तिथेच चुकतात. माझं तोंड उणे आहे. मागचं सगळं बघा की."

परवा नातीने मला फोनवर लॉग काढून दाखवला. एका बोटात. पण त्या फोनला बार माहीतच नाही. तो आधीच बेरीज करून टाकतो आणि सगळंच उणे दाखवतो. मला जरा रागच आला.

बाईंचे भाऊ सुटीवर आले की मोटार घेऊन यायचे. खाडीपलीकडे त्यांनी बंगला बांधला होता, संगमरवरी जिना, बहिणीसाठी वेगळी खोली. निवृत्त झाल्यावर तर त्यांनी फारच आग्रह केला. माणसं चांगली, मनापासून बोलवत होती. मोठे भाऊ आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, "आपा, आता बस झालं. कायमची चल."

मी आतून ऐकत होते. मनात म्हटलं, मेला, हा शब्द नको होता.

बाई त्यांना चहा देऊन वाटेला लावून आल्या. मी विचारलं, का नाही गेलात? म्हणाल्या, "'चार दिवस ये' म्हणाला असता तर वर्षभर राहिले असते."

यजमान गेले, त्याच्या दुसऱ्या वर्षी बांधाला खांड पडली. मोठं उधाण होतं, वारा समुद्रावरून, आणि बांध एका जागी खचला. सकाळी बघितलं तर आमच्या खारीत पाणी, आणि पाण्यात लाटा. भात आडवं. पाणी ओसरलं, ऊन पडलं, तशी जमीन पांढरी व्हायला लागली. मिठागर बघितलंय ना, तशी. गावाने मिळून बांध पुन्हा बांधला, पण मीठ आत राहिलं. आणि मग हळूहळू मोटारी यायला लागल्या. पांढरी जमीन घ्यायला पांढऱ्या शर्टातली माणसं. भराव टाकायचा, भिंत घालायची, प्लॉट पाडायचे. एकेक जण देऊन मोकळा झाला. मी कोणाला नावं ठेवत नाही. मिठाकडे रोज बघणं सोपं नसतं.

आमचा खारीतला तुकडा माझ्या आणि माझ्या धाकट्या दिरांच्या नावावर, सामाईक. एकाच्या सहीने विकला जात नव्हता. दीर थळला कारखान्यात होते, बारावी सायन्स झालेले, आमच्या घरातले शिकलेले तेच. ते म्हणाले, "वहिनी, मेलेली जमीन हाय ती. मेलेल्याला किती दिस घरात ठेवशील?"

मी पडवीत जाऊन बसले आणि माझ्या तोंडून गेलं. "गेली बाई जमीन. कायमची."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी बूट काढले, छत्री घेतली, आणि मला घेऊन खारीत निघाल्या. बांधाच्या कडेला बसून चिमूटभर माती जिभेवर ठेवली, थुंकली, आणि मलाही चाखायला लावली.

"किती खारट आहे?"

"खूप."

"खूप हा आकडा नाही, मालकीणबाई. कायमचं हाही नाही. ज्यांनी मोजलं नाही त्यांचं ते उत्तर असतं."

मग आम्ही मोजलं. ते असं. आमच्या तुकड्यातली माती सुकवून चार मुठी घ्यायची, तांब्याभर गोड्या पाण्यात कालवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी ताटलीत ओतून उन्हात ठेवायचं. पाणी उडून जातं, मीठ ताटलीत राहतं. आमच्याकडच्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मिठागरात दुसरं काय करतात? मीठ खरवडून डबीत भरायचं आणि बाजारात सोनाराकडे न्यायचं, त्याच्या काट्यावर तोलायला. सोनाराने विचारलं, हे कुठल्या खाणीतलं? बाई म्हणाल्या, "आमच्या."

गावठाणाजवळच्या उंच शेतात, जिथे खारं पाणी चढलं नव्हतं आणि भात छान येत होतं, तिथलीही माती तशीच तोलली. आमच्यात मीठ त्याच्या दहापट.

मग एक पावसाळा जाऊ दिला. बांधात उघाडी असते, लाकडी दार. पावसाचं पाणी शेतात तुंबवायचं, मीठ त्यात विरघळतं, मग ओहोटी लागली की उघाडी उघडून ते समुद्राला परत द्यायचं, भरतीच्या आत दार बंद. सबंध पावसाळा मी हेच केलं. दिवाळीनंतर पुन्हा माती, पुन्हा ताटली, पुन्हा सोनार. मीठ आदल्या वर्षीच्या पाऊण भरलं.

पाऊण. माझी पाऊणकी कामाला आली म्हणून मी खूश. बाईंनी पडवीतल्या पाटीवर लिहिलं: पाऊण, त्याच्या डोक्यावर कोपऱ्यात बारीक 'न', बरोबर एक दशांश. म्हणजे असं, दर पावसाळ्याला मीठ पाऊण पट होतं, तर किती पावसाळ्यांनी ते दहावा हिस्सा राहील? त्या 'न'मध्ये माझी जमीन होती. मी म्हटलं, सांगा. म्हणाल्या, "दुसऱ्याचं समीकरण मी सोडवत नाही. आकडी तुमची आहे ना? ओढा."

मी आधी पाऊणकीनेच गेले. पाऊण, मग त्याचं पाऊण, मग त्याचं पाऊण. चौथ्यापाशी अपूर्णांक एवढे लांबले की पाटी पुरेना. पाटी तशीच ओसरीच्या भिंतीला टेकून ठेवली आणि चुलीकडे गेले. ती दिरांनी बघितली.

पाटीवरचं गणित उतरवून घेतलं त्यांनी. पुढच्या रविवारी सकाळी आले ते उरणकडच्या एका पांढऱ्या शर्टातल्या एजंटला बरोबर घेऊन. एजंटच्या हातात कागद, दिरांच्या हातात लग्नाची जुनी पत्रिका, तिच्या पाठीवर पेन्सिलीने केलेलं गणित. बाईंनाही बोलावून घेतलं.

"वहिनी, मी तुझं ऐकलं न्हाय असं नको. बाईंच्याच पुस्तकानं सोडवलंय. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला, भागाकार केला. उत्तर किती आलं बघ. अर्धा. अर्ध्या पावसाळ्यात मीठ जायला पायजे होतं. एक आख्खा पावसाळा गेला. खारीत जाऊन बघ, पांढरी ती पांढरीच हाय. तुमचंच गणित तुम्हाला खोटं पाडतंय."

आता खरं सांगते, मला ते पटायला लागलं. दीर खोटं बोलणारे नव्हते. गणितही नीट मांडलेलं दिसत होतं. पायरी पायरीने, हायस्कुलात शिकवतात तसं. आणि जमीन पांढरीच होती, ती मी रोज बघत होते. एजंट गोड आवाजात म्हणाला, "काकू, शिकलेल्या माणसाचं ऐकावं." पेनाचं टोपण त्याने काढूनही ठेवलं होतं. मी त्या पेनाकडे बघत होते.

बाईंनी पत्रिका घेतली. चष्मा वर सरकवला. वाचलं, आणि हसल्या. त्यांना इतकं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"भावजी, तुम्ही बारावीला कोणाकडे होतात?"

दिरांनी कुठल्यातरी सरांचं नाव सांगितलं.

"तरीच. हे बघा. पाऊणाचा लॉग काय लिहिलात? बार एक पॉइंट आठ सात पाच एक. बरोबर लिहिलात. आणि भागाकार करताना ते सगळंच्या सगळं उणे धरलंत." त्यांनी पेन्सिल मागितली नाही. एजंटचं उघडं पेन उचललं आणि रेघ ओढली. "पुढचा एक तेवढा उणे. मागचं अधिक. उणे एकात ते मिळवा, काय राहिलं? उणे पॉइंट एक दोन चार नऊ. एवढंसंच. आता एक दशांशाचा लॉग, उणे एक, त्याला याने भागा."

दीर भागायला बसले. एजंटही वाकून बघायला लागला, त्याला काय कळत होतं देव जाणे. मी पाटी मांडीवर घेतली आणि माझं माझं भागायला लागले.

"आठ," मी म्हटलं.

दिरांनी वर बघितलं. "आठ," तेही म्हणाले, पडलेल्या आवाजात.

"आठ पावसाळे," बाई म्हणाल्या. "एक झाला. सात राहिले."

एजंट हसला. "आठ वर्षं? बाई, तोवर कोण राहतंय आणि कोण न्हाय."

"मी नसेन कदाचित. मीठही नसेल."

तुम्हाला वाटेल, आठ ऐकून मला वाईट वाटलं असेल. दिरांनाही तसंच वाटलं असावं, माझ्याकडे दयेने बघत होते. पण मला काय झालं सांगू? बांध फुटल्यापासून पहिल्यांदा छातीत हवा नीट गेली. दोन वर्षं मी एका भिंतीकडे बघत होते, आणि कोणीतरी येऊन म्हटलं, भिंत नाही ती, जिना आहे, पायऱ्या एवढ्या.

"सगळं मीठ जाईल का हो मग?" मी विचारलं. "पार शून्य?"

बाईंचा आवाज उतरला. "शून्य नाही होणार. कितीही वेळा पाऊण करत जा, काहीतरी उरतंच. पण भाताला शून्य लागत नाही, मालकीणबाई. दहावा हिस्सा चालतो."

ओसरीच्या कोपऱ्यात यजमानांची काठी तेव्हा अजून टेकवलेली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. एजंटला म्हटलं, "सही नाही. पेन तेवढं बाईंकडून परत घ्या."

दीर त्यानंतर बरेच महिने माझ्याशी बोलले नाहीत. सणाला आले तरी जेवले नाहीत. मीही कमी नाही, त्यांचं ताट वाढून ठेवायचे आणि झाकायचे. पुढच्या पावसाळ्यात एकदा भरतीची वेळ झाली आणि उघाडीचं दार अडकलं. मी एकटी ओढतेय, ओढतेय. मागून कोणीतरी दुसरी कड धरली. बघते तर दीर, डबा हातात, कारखान्यातून परस्पर आलेले. दार बसवलं आणि म्हणाले, "बार राहिला होता." एवढंच. त्या दिवशी जेवले.

आमच्या शेजारची शेतं तोवर भिंतीत गेली होती. एकाने भराव टाकताना पाणी जायची चर बुजवायला घेतली. आमचं पावसाचं पाणी त्याच चरीतून उघाडीला जायचं. चर बुजली की पाणी तुंबणार, मीठ तिथल्या तिथे. मी सरपंचाकडे गेले, ते म्हणाले बघतो. बाई कोणाकडे गेल्या नाहीत. शाळेतून निवृत्त होताना मिळालेली खुर्ची होती त्यांच्याकडे, प्लास्टिकच्या पट्ट्यांची. ती डोक्यावर घेतली, चरीच्या तोंडाशी मांडली, छत्री उघडली, आणि डंपरसमोर बसल्या. मांडीवर लॉगटेबल.

ड्रायव्हर म्हणाला, "चाची, हट जाओ." मुकादम आला, तो म्हणाला, तुमची जमीन आहे का ही? म्हणाल्या, नाही. तुमच्या कोणाची? नाही. मग तुम्हाला काय त्रास आहे?

"माझा पाऊण बिघडतोय," बाई म्हणाल्या.

याला उत्तर मुकादमाने कुठल्या कायद्यात शोधायचं? बाई संध्याकाळपर्यंत बसल्या. मी दुपारी भाकरी आणि सुकटीची चटणी नेली, तर म्हणाल्या, ड्रायव्हरलाही द्या, तो सकाळपासून उपाशी आहे. शेवटी मालकाचा फोन आला, चरीत सिमेंटचे पाइप घाला म्हणून. पाइप बसेपर्यंत बाई रोज तिथे खुर्ची मांडून त्या ड्रायव्हरच्या मुलीचं फोनवरून गणित घ्यायच्या.

दरवर्षी दिवाळी झाली की ताटली, ऊन, सोनार. सोनाराने आमच्यासाठी एक डबीच वेगळी ठेवली. एका वर्षी पावसाने दगा दिला. शेत एकदाही नीट भरलं नाही, आणि मीठ जवळजवळ तेवढंच निघालं. मी हिरमुसले. बाई मात्र पावसावर असा दात धरून होत्या, जसा न अभ्यास केलेल्या पोरावर. "समीकरणात चूक नाही. तो गैरहजर होता."

पुढे बाईंना दम लागायला लागला. पडवीतून विहिरीपर्यंत जाऊन आल्या की बसायच्या. भावाचा मुलगा न्यायला आला. शहाणा पोरगा, बापाची चूक त्याने केली नाही. म्हणाला, "फुफू, बरं वाटेपर्यंत चला." मग काय बोलणार? निघाल्या. पिशवीत कपडे आणि लॉगटेबल. अंथरूण, खुर्ची, छत्री इथेच. मी चावीसाठी हात पुढे केला, म्हटलं, झाडलोट करीन. त्यांनी कुलूप लावून चावी स्वतःच्या बटव्यात टाकली. "खोली सोडलेली नाही मी. धूळ बसू दे, आल्यावर झाडीन."

चावी त्या भाच्यानेच पुढे आणून दिली. बाई गेल्याचं कळलं तेव्हा मातीला बायकांनी जायची त्यांच्यात रीत नाही, आणि मी तर परकी. मग मी खारीत गेले. चार मुठी माती आणली, तांब्याभर पाण्यात कालवली. दुसरं काय करणार होते?

आठवा पावसाळा गेला. दीर निवृत्त झाले होते, ते ताटली घेऊन माझ्याबरोबर सोनाराकडे आले. दहाव्या हिश्शाच्या जरा वर भरलं. तो गैरहजर पावसाळा नडला. दीर म्हणाले, "वहिनी, आणखी एक वर्ष थांबू. बाईंनीपण थांबायला सांगितलं असतं."

मी म्हटलं, बाई थांबल्या नसत्या, बांधावर खुर्ची मांडून बसल्या असत्या. पुढच्याच पावसाळ्यात आम्ही लावणी केली. खारीत आमच्याकडे पूर्वीपासून लावतात तो लाल राता, त्याला थोडं मीठ चालतं. गावातले लोक बांधावर उभे राहून बघत होते. कोणी चेष्टा केली, कोणी पदर खोचून चिखलात उतरलं.

बांधाकडची पट्टी पिवळी पडून गेली. ते खोटं कशाला सांगू? पण घराकडचा जवळजवळ सगळा तुकडा उभा राहिला. लोंबीला आला तेव्हा दिरांनी दोन लोंब्या तोडल्या, एक यजमानांच्या फोटोला लावली. दुसरी हातात धरून उभे. कुठे लावायची कळेना. शेवटी मागच्या पडवीच्या कुलपात खोचली.

खोली अजून बंद आहे. भाडेकरू विचारायला येतात, कारण आता खाडीवर पूल होतोय म्हणतात आणि इकडे सगळ्यांना राहायचंय. मी सांगते, खोलीत माणूस आहे.

आणि तो एजंटही आला होता, याच महिन्यात. केस पिकले त्याचे, शर्ट तसाच पांढरा. जमीन जिवंत झालेली बघून आता जास्तच आदबीने बोलत होता. खूप वेळ बसला. पूल, रस्ता, भविष्य, सगळं सांगून झालं. दीर नुसते माझ्याकडे बघत होते. शेवटी त्याने कागद घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "काकू, एकदा काय ते सांगून टाका, म्हणजे मी पुन्हा येणार नाही. तुमचं नाही ते कायमचं नाही ना?"

मी म्हटलं, "कायमचं म्हणायचं नाही आमच्या घरात. या वर्षी नाही. पुढच्या वर्षी या आणि विचारा. तेव्हाही नाही म्हणीन."